सुनीतीचं सोवळं

शंकर नगर, रायपुर
९ डिसेंबर २०२४

सुनीती,

जय भीम. फोन न करता पाकीट काहून टाकून राहिली, असं म्हणशील. तुले फोन केला का तो नीलकंठराव उचलतात, स्पीकरवर टाकतात आणि मंग सगळं घर ऐकते. मागच्या खेपेले मी माझ्या गुडघ्याचं सांगत होती, तर मधातून तुझी सून, "आंटी, आप घी खाइए." गुडघा माझा, पंचायत गंधालीची. पाकीट तरी स्पीकरवर टाकता येत नाही.

तू गेल्यापासून आपलं पन्नाशीचं मंडळ चालूच आहे. सकाळी बागेत फिरतो. फिरणं थोडं, बाकावर बसणं जास्त. तुझ्या जुन्या घरात भाड्यानं आलेली मीनल आता आमची अध्यक्ष आहे. निवडलं कोणी नाही, तीच झाली. तिच्या हिशोबानं दुनियेतला सगळा आजार जवसाच्या चटणीनं जाते. घरी तिचा नवरा रोज सकाळी समोसा खाते, ते ती सांगत नाही.

मंडळाचं एक काम मात्र चांगलं आहे. कोणाले डॉक्टरकडे जायचं असलं तर दुसरी सोबत जाते. नवरे लोक नेतात, पण ते बाहेर गाडीतच बसतात आणि परत आल्यावर "काय म्हणाला?" एवढंच विचारतात. आम्ही आत जातो, नीट विचारतो.

पुढच्या महिन्यात सगळ्या सिरपूरले जाऊन राहिलो, एक दिवसाची सहल. तुझं नाव धरू ना?

नातीच्या नामकरणाले तू आली, बरं वाटलं. खुर्चीच्या काठावर बसली आणि उठून गेली. खीर राहू दे, पाणीबी नाही घेतलं. तिकडं नव्या रायपुरात म्हणे सगळ्याइकडे फिल्टरचं पाणी आहे. आमचं आपलं साधं, नळाचं.

वनमाला


नवा रायपुर
१६ डिसेंबर

वनमाला,

पाकीट मिळालं. पोस्टमन पत्ता विचारत अख्खा सेक्टर फिरला म्हणे. विचारायला माणूसच सापडेना. इथले रस्ते एवढे रुंद की पलीकडच्या फुटपाथवरची बाई ओळखीची आहे का, हे कळायला चष्मा पुसावा लागतो, आणि पुसेपर्यंत ती गाडीत बसून गेलेली असते. अनिमेषला मंत्रालयातून हे क्वार्टर मिळालं तेव्हापासून तो रोज म्हणतो, "मम्मी, कितनी शांति है यहाँ." शांतता आहे खरी. मसणातही असते.

नीलकंठ बँकेतून रिटायर झाल्यापासून बाल्कनीत बसून गाड्या मोजतात. संध्याकाळी मला एकूण आकडा सांगतात. मी "अरे वा" म्हणते. आमचा संसार सध्या यावर चाललाय.

सहलीचं मात्र जमणार नाही गं. त्याच सुमाराला गंधालीच्या ऑफिसात कसलीशी तपासणी आहे, घर बघायला कुणीतरी लागेल. शिवाय एकादशी मधे येते. आणि मला हल्ली गाडी लागते. तुम्ही जाऊन या, फोटो पाठवा.

पाण्याचं म्हणशील तर खरंच आहे बाई. फिल्टरची सवय लागली, आता दुसरं सोसत नाही. मोठ्या लोकांत राहायला आल्यावर एवढं तर होणारच. मीनलला म्हणावं, जवस खाऊन बघते.

तुझी,
सुनीती


शंकर नगर, रायपुर
२१ डिसेंबर

मा. सुनीतीताई यांस,

आपले पत्र मिळाले.

नामकरणाच्या दिवशी आपले यजमान श्री. नीलकंठराव माझ्या घरात, माझ्या पाहुण्यांसमोर म्हणाले, "ही हल्ली फार सोवळ्यात असते, बाहेरचं काही घेत नाही." आपण शेजारीच बसला होतात. मी आपल्याकडे पाहिले. आपण पदर सारखा केलात आणि उठलात. पुरुषांच्या बोलण्याकडे किती लक्ष द्यायचे, असे मी मनाशी म्हटले. तरी राहवले नाही म्हणून पत्रात पाण्याचे विचारले. आपण लिहिले, दुसरे सोसत नाही.

वीसहून अधिक वर्षे आपली भिंतीला भिंत होती. अनिमेषला कांजिण्या आल्या तेव्हा आपल्या सासूबाई घरात होत्या म्हणून तो माझ्याकडे राहिला, माझ्या प्रशिकच्या अंथरुणावर. माझ्या ताटातली भाकर उचलून आपण खाल्ली आहे. आमच्या घरी पाणी न पिणारे लोक मी लहानपणापासून पाहत आले. अशांना मी पाणी विचारतच नाही. आपल्याला विचारले, ही माझी चूक.

सहलीत आपले नाव धरलेले नाही.

कळावे.
सौ. वनमाला हरिदास खोब्रागडे


नवा रायपुर
५ जानेवारी २०२५

वनमाला,

तुझी शुद्ध मराठी वाचून मला धडकी भरली. तू मला शिव्या घातल्या असत्यास तर मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं असतं. "यजमान" आणि "कळावे" वाचल्यावर हातच चालेना. दोन पत्रं लिहिली आणि फाडली. पहिल्यात उलट मीच तुला बोलले होते की तू माझ्याबद्दल असं मनात आणूच कसं शकतेस. दुसऱ्यात पुन्हा एकादशी आली. हे तिसरं.

मला लघवी धरवत नाही.

एवढं लिहून मी उठले आणि दाराला कडी लावून आले. घरात कुणी नाही तरी.

शिंकलं की होते, खोकलं की होते, खुर्चीतून उठताना होते. हसलं तर नक्कीच होते. दोन वर्षं झाली. पहिल्यांदा मोठी फजिती झाली ती अनिमेषच्या साहेबांच्या घरी, त्यांच्या पांढऱ्या सोफ्यावर. साहेबांच्या बायकोनं काहीतरी विनोद सांगितला. विनोद अगदी टुकार होता. असल्या विनोदापायी ते झालं, याचंच मला जास्त वाईट वाटतं. मग मी हातातलं सरबत मुद्दाम सांडलं, मांडीवर आणि सोफ्यावर. त्या बाईनं नोकराकडून सोफा पुसून घेतला आणि गंधाली गाडीत मला म्हणाली, "मम्मीजी, ध्यान रखा करो ना."

तेव्हापासून बाहेर जायचं असलं की सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही. इथून तुझ्याकडे यायचं म्हणजे बस कधी मिळेल याचा भरवसा नाही, आणि वाटेतल्या पेट्रोल पंपांच्या संडासांना कुलूप. गडद रंगाच्याच साड्या नेसते. घरी दिवसातून दोनदा आंघोळ करते, तीनतीनदा साडी बदलते. ते बघून नीलकंठनी काय समजायचं? तर मी धार्मिक झाले. सोवळ्यात असते म्हणून नातेवाइकांत अभिमानानं सांगत सुटलेत. माझ्या जावेनं नाशिकहून जपाची माळ पाठवली. चुलतसासरे फोनवर मला हल्ली "साध्वी" म्हणतात. मीही म्हटलं, म्हणू देत. सोवळ्या बाईला मान तरी मिळतो, गळक्या बाईला कोण देतंय.

तुझ्या घरी ते बोलले तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस, ते मला दिसलं होतं. तुझ्या मनात काय आलं असेल तेही मला कळलं, वनमाला. मी काही इतकी मठ्ठ नाही. "तसं नाही" म्हणाले असते तर मग कसं आहे ते सांगावं लागलं असतं, वीस माणसांसमोर. म्हणून उठले. घरी येऊन साडी बदलली आणि रडले. पत्रात फिल्टरची थट्टा केली ती तू हसशील आणि विषय मिटेल म्हणून. मिटला नाही.

आता तुला काय म्हणायचं ते म्हण. पण "आपण" म्हणू नकोस.

सुनीती


शंकर नगर
१० जानेवारी

सुनीती,

अगं बाप्पा. म्हंजे लघवी होते हे मले कळलं तर तुझी इज्जत जाते, आणि माझ्या घरचं पाणी तुले बाटवते असं मले वाटलं तर काही जात नाही. वा. बरा हिशोब केला. तुझ्या नवऱ्यानं बँकेत असाच केला असंल तर ती बँक अजून उभी कशी, याचं मले नवल आहे.

तुझी चिठ्ठी वाचून मी आधी टोपलीभर भांडी आपटली. मंग हरिदासनं विचारलं काय झालं, तर सांगता येईना, कारण मले हसू येऊन राहिलं होतं. सरबताचं वाचून. मंग रडू आलं. मंग पुन्हा भांडी.

आता सहलीचं ऐक. सिरपूरच्या वाटेवर ड्रायव्हरनं डिझेल भरायले गाडी थांबवली. तो म्हणाला, "दीदी लोग बैठे रहो." कोणी बसलं नाही. सगळ्या उतरल्या, पंपाच्या मागं गेल्या, तर दाराले कुलूप. चाबी मालकापाशी आणि मालक भनपुरीले. मंग काय, झुडपं. सगळ्यात पुढं कोण पळालं असंल तर मीनल, अध्यक्ष. जवसानं सगळं आवरते म्हणे. ते नाही आवरलं. परत येताना गाडी चारदा थांबवली आणि ड्रायव्हरले वाटलं आम्हाले फोटो काढायची हौस आहे.

पन्नाशीच्या बायका पाय आवळून हसतात, हे तुले इतक्या वर्षात दिसलं नाही? एकटी तूच गळते, असं वाटून बसली. त्यातबी तुले पहिला नंबर पाहिजे.

इथं शंकर नगरात एक लेडी डॉक्टर आहे, याच आजाराची. बुधवारचा नंबर लावला. मी सोबत आहे. सकाळी पाणी पिऊन ये आणि जाड कपडा ठेवून ये, लाजू नको. नीलकंठरावले तू स्वतः सांग. नाही तर तो माणूस तुझ्या नावानं मंदिर बांधल.

माफ केलं असं समजू नको. आधी डॉक्टर, मंग भांडण.

वनमाला


नवा रायपुर
२६ जानेवारी

वनमाला,

बुधवारी तू एवढ्या घाईनं ऑटोत बसून निघून गेलीस की नीट बोलणंच झालं नाही. कारण मला माहीत आहे, त्यावर शेवटी येते.

आतलं सांगते, कारण नर्सनं मला एकटीलाच आत सोडलं आणि तू बाहेर बसलीस. डॉक्टरीण गंधालीहून लहान असेल. मी अर्धा तास घोळ घालत होते, थोडं अस्वस्थ वाटतं, थोडी अडचण होते. तिनं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "चड्डी ओली होती है?" मी म्हटलं, हव, आणि सरबताचंही सांगून टाकलं. तर म्हणाली, रोज मेरे पास दस आती हैं, आप पहली हो जो सरबत गिराया. बाळंतपणानं आणि पाळी गेल्यावर खालचे स्नायू सैल पडतात. ते आवळून धरायचे, सोडायचे, पुन्हा आवळायचे, असा व्यायाम दिलाय. तीन महिने करायचा. फरक पडतो म्हणाली, नाही पडला तर पुढचे उपाय आहेत. आणि पाणी बंद केलं म्हणून मला ओरडली. कमी प्यायल्यानं जळजळ वाढते आणि त्रासही वाढतो. म्हणजे दोन वर्षं मी तहानलेली राहून आजारालाच खाऊपिऊ घालत होते.

व्यायाम कुणाला दिसत नाही ही मोठी सोय आहे. काल अनिमेषचे साहेब जेवायला आले होते. ते छत्तीसगढच्या विकासावर बोलत होते आणि मी समोर बसून पूर्ण वेळ व्यायाम केला. त्यांना वाटलं मी फार लक्ष देऊन ऐकतेय.

नीलकंठना सांगितलं. त्यांनी गाड्या मोजणं थांबवलं. मला वाटलं, आता माझी विचारपूस करतील. तर म्हणाले, "मग मी लोकांना काय सांगायचं?" मी म्हटलं, लोकांचं राहू द्या, हरिदासभाऊंना खरं सांगा, कारण त्यांच्या घरात बसून तुम्ही ते बोललात. तर म्हणे, या बायकांच्या गोष्टी, पुरुषानं कशाला बोलायच्या. सोवळं बायकांचंच होतं, ते मात्र चारचौघांत बोलता आलं. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. गाड्यांचा आकडाही ऐकून घेतला नाही.

आता तुझं. मी आत असताना तिथल्या नर्सनं, त्या पायलनं, बसल्याबसल्या तुझं बीपी बघितलं. एकशेनव्वद. तिनं दुसऱ्या हाताला लावून बघितलं, तेही तेवढंच. ती मला बाहेर सांगत होती आणि तू "मशीन बिघडलीये" म्हणून चपला घालत होतीस. दाखवलंस का कुठे? लगेच लिही.

सुनीती


शंकर नगर
१ फेब्रुवारी

सुनीती,

मशीनच बिघडली होती. ती पायल स्वतः म्हणाली का कालच सेल बदलले. सेल बदलल्यावर चार दिवस कोणतीबी मशीन उड्याच मारते.

तुले बरं वाटून राहिलं हे वाचून आनंद झाला. मी तुझा व्यायाम मंडळात सांगतला. आता सकाळी बाकावर सगळ्या गप्प बसतात आणि तोंडं गंभीर करतात. माळी घाबरला. त्याले वाटलं, आमचं मोठं भांडण झालं.

मी एकदम ठणठणीत. थोडं डोकं जड राहते, ते चष्म्याचा नंबर वाढला म्हणून. परवा गच्चीवर कपडे टाकताना डोळ्यापुढं अंधारी आली, ते उपाशीपोटी गेली म्हणून. नात रात्री झोपू देत नाही. यात डॉक्टरले काय दाखवायचं? मीनलनं लसूण खायले सांगतला, तो खाऊन राहिली. हरिदास आता दूर बसते, तेवढाच काय तो परिणाम.

नीलकंठरावशी बोलणं चालू कर. नाही तर ते आकडे फोन करून मले सांगतील.

वनमाला


नवा रायपुर
५ फेब्रुवारी

मा. वनमालाताई यांस,

आपले पत्र मिळाले. मशीन, चष्मा, उपाशीपोट आणि नात ही चार कारणे वाचली. मी आपल्याला तीनच दिली होती, एकादशी धरून.

सोमवारी सकाळी मी पोहोचत आहे. आपण तयार असावे. लसूण खाऊ नये, ऑटोत मला आपल्याशेजारी बसायचे आहे.

कळावे.
सौ. सुनीती


शंकर नगर
२ मार्च

सुनीती,

गोळी घेऊन राहिली. सकाळी एक. हरिदासनं ती डबी चहाच्या डब्यापाशी ठेवली आहे, म्हंजे विसरता येत नाही. काल पायलनं मोजलं, वरचा आकडा एकशेचाळीसवर आला. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा आला पाहिजे. मीठ बंद केलं. माझ्या हातच्या भाजीले आता तुझ्या हातची चव येते.

त्या दिवशी तुले एक गोष्ट नाही सांगतली. डॉक्टर आत म्हणाले ना, "अजून थोडे दिवस काढले असते तर अर्धं अंग गेलं असतं," तेव्हा तू माझा हात धरला आणि मी सोडवून घेतला. तुले वाटलं असंल, रागच आहे अजून. माझी माय अशीच पडली होती, माझ्याच वयात. आठ वर्षं खाटेवर. तिचं सगळं मीच केलं. तिले बोलता येत नव्हतं, पण मी चादर बदलताना ती डोळे मिटून घे. तो नंबर ऐकला तेव्हा मले खाटेवर माय नाही, मीच दिसली आणि चादर बदलायले प्रशिकची बायको. म्हणून मशीन खोटी पाडली. तुझ्या हाताचा राग नव्हता.

आता दुसरं. आपण दोघी दवाखान्यात होतो, तवा तुझे नीलकंठराव माझ्या व्हरांड्यात बसले होते. तू त्याइले सोबत काहून आणलं, ते मले आता कळलं. हरिदासनं सगळं सांगतलं. हरिदास सरळ माणूस. त्यानं चहा देल्ला आणि विचारलं, वहिनीचं सोवळं कसं चालू आहे. नीलकंठरावनं चहा खाली ठेवला, घसा साफ केला आणि रेल्वेच्या भोंग्यावाणी आवाजात म्हणाले, "सोवळं वगैरे काही नाही. तिला लघवीचा त्रास आहे. मी चुकीचं बोललो." समोर दूधवाला उभा होता, मीनल आपल्या गच्चीवर होती, दोन पोट्ट्या स्कूटीवर चालल्या होत्या. तुझी गोष्ट आता शंकर नगरात सगळ्याइले माहीत आहे. तुले धक्का बसू नये म्हणून आधीच लिहिते.

पण पुढचं ऐक. हरिदास खुर्ची जवळ ओढून म्हणाला, "मलेबी रात्री सारखं उठा लागते." नीलकंठराव म्हणाले, "मलाही." दोघंबी दोन वर्षांपासून. दोघंबी घरात न सांगता. आपण घरी आलो तवा ते दोघं एवढे खूश काहून दिसत होते, ते आता समजलं ना? उद्या दोघं मिळून डॉक्टरकडे चालले. मले म्हणतात, तू चल सोबत. मी सांगतलं, येते, पण मी बाहेर गाडीत बसीन.

राग गेला का, असं तू जाताना विचारलं. मी "हव" म्हणली आणि दार लावून घेतलं. नाही गेला. तू खोटं बोलली ते मी सोडून देल्लं, तुझ्या जागी मीबी तेच केलं असतं, केलंच आहे. पण तू पाणी घेतलं नाही तेव्हा मले तो एकच विचार आला, सुनीती. पोट बिघडलं असंल, उपास असंल, हे काहीच नाही. सरळ तोच. इतक्या वर्षांची आपली भिंत, इतकी जेवणं, तरी तो आतमधी तयारच बसला होता. तुझ्या आजाराले व्यायाम आहे, माझ्या आजाराले गोळी आहे. याच्यासाठी काय आहे ते ना तुझ्या डॉक्टरले माहीत, ना माझ्या.

हे तुझ्यावर नाही. पण जवळ तूच आहे, तर तुझ्यावरच निघन.

रविवारी ये. नवऱ्यांले दवाखान्याच्या गप्पा मारायले बाहेर बसवू. मले तुझ्याशी भांडायचं आहे, चांगलं तासभर, आणि डॉक्टरनं चिडू नको म्हणलं आहे. म्हणून मधामधात थांबून थांबून भांडू.

वनमाला